पाळकसाहेबांचा शब्द

पाळकसाहेब खोटं बोलत नसत. या गुणाचा बोलबाला सगळीकडे होता, पण त्याची झळ घरात पाळकीणबाईंना बसत होती. पेटी वाजवणाऱ्या मास्तरांनी एकदा उपासना संपल्यावर "आज कसं वाजलं?" म्हणून सहज विचारलं आणि साहेबांनी सांगितलं. पुढे तीन वर्षं मंडळी पेटीशिवाय गात होती. एका नवरीच्या आईने "जावई कसा वाटतो?" असं विचारलं, लग्न झालं, पण त्या घरून पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. कोणतं सत्य किती महागात पडलं, हे बाईंना तोंडपाठ होतं.

साहेबांनी रोजच्या जगण्याचे चार नियम टाइप करून घेतले होते आणि मंडळीतल्या घराघरांत वाटले होते. बोलायचं ते खरं. दारी आलेल्याला बसवून घ्यायचं. दुसऱ्याचं गुपित आपल्या तोंडून जाऊ द्यायचं नाही. भांडण त्या दिवसाबरोबर मिटवायचं. पहिला आणि तिसरा नियम एका घरात नांदवणं म्हणजे सासूसुनेला एका चुलीवर बसवणं, असं बाईंचं मत होतं. ते त्या बोलून दाखवत नसत.

मंडळीतल्या वेल्डरने तो कागद दुकानात पत्र्यावर चिकटवला होता. चौथा नियम त्याचा विशेष लाडका. त्याची बायको, शिंपीण, दोनदा घर सोडून गेली आणि दोन्ही वेळा साहेबांनी दोघांना समोरासमोर बसवून, दिवस मावळायच्या आत तिचा हात त्याच्या हातात दिला. दुसऱ्या खेपेला दिलेला तोच हात पंधरवड्यात मनगटाशी मोडला. "पायऱ्यांवरून पडले," शिंपीण म्हणाली. साहेबांनी विश्वास ठेवला. ज्या घराला एकही पायरी नाही त्या घरात माणूस कसा पडतो, हा प्रश्न बाईंना पडला.

म्हणून तिसऱ्यांदा ती आली ती साहेब बाहेर असताना, बाईंकडे. बाईंनी तिला शिवणाच्या खोलीत, गायकमंडळाच्या टांगलेल्या झग्यांमागे जागा करून दिली. साहेब परतल्यावर म्हणाल्या, "शिवणाच्या खोलीत जाऊ नका. का, ते विचारू नका."

"बरं," साहेब म्हणाले, आणि पेपर उघडला. खरं बोलण्याचं व्रत घेतलेल्या माणसाला न विचारण्याची कला आपोआप येते.

आज सहावा दिवस होता. आधीच्या पाचही दिवसांत वेल्डर चारच्या ठोक्याला यायचा. चहा घ्यायचा, चर्चच्या बाकांचे मोडके पाय फुकट जोडून द्यायचा, बायकोचा विषयही काढायचा नाही. पहिल्या दिवशी बाईंना हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की कप बशीत ठेवताना तो आवाज होऊ देत नाही. तो ऐकत असतो. आतली पोर तेवढा वेळ खोकला गिळून बसायची.

आज तो अर्धा तास उशिरा आला. नखांत काळं होतं, केस मात्र ओले करून विंचरलेले.

"आज उशीर केलात," बाई म्हणाल्या.

"घरचंच काम काढलं होतं, काकू. सगळ्या खिडक्यांना गज बसवले. दाराला बाहेरून कडी केली." त्याने फुंकर मारून चहा निववला. "आता ती आली की निवांत राहील. उगाच कुठे जायला नको नि यायला नको."

बाईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"साहेब, एकच विचारतो," वेल्डर म्हणाला. "माझी बायको तुमच्या घरात आहे का?"

"मला माहीत नाही," साहेब म्हणाले. ते खरं होतं. सहा दिवस त्यांनी ते जपून खरं ठेवलं होतं.

"मग बघून या ना. मी नाही जात आत, पाळकाचं घर आहे. तुम्ही बघा आणि सांगा. तुमचा शब्द मला पुरे."

बाईंना आपली चूक तेव्हा कळली. साहेबांना अंधारात ठेवलं की साहेबही सुटतील आणि पोरही सुटेल, असा त्यांचा हिशेब होता. अंधारातल्या माणसाला कोणी दिवा घेऊन जायला सांगेल, हे त्यांनी धरलंच नव्हतं.

"अहो, चहा गार होतोय तुमचा," त्या म्हणाल्या.

साहेब उठले होते. आत गेले. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं गेली. वेल्डर बाईंकडे बघून हसला. "वेळ लागतोय."

साहेब परत आले आणि उभेच राहिले. "त्या खोलीत कोणी नाही. घरात कुठेच कोणी नाही."

"आणि तुम्ही आत गेलात तेव्हा?"

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. त्या नजरेत काय आहे हे बाईंना न सांगता कळलं. "होती," ते म्हणाले.

"आता कुठे आहे?"

साहेब बोलेनात. न बोलणं हेही एक बोलणंच असतं आणि वेल्डर ते ऐकत होता. त्याची नजर हळूहळू मागच्या दाराकडे वळू लागली.

"बसस्टँडवर," बाई म्हणाल्या. "पाचच्या गाडीने माहेरी निघालीय. मीच जा म्हटलं तिला."

वेल्डरने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. बाईंच्या शब्दाला बाजारात काय भाव आहे, हे त्याला माहीत होतं. "साहेब, खरं?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खरं," ते म्हणाले.

"झालं तर मग. तुम्ही म्हणालात ना." वेल्डर उठला, स्वतःचा कप आवाज न करता बशीत ठेवला आणि गेला.

फाटक वाजेपर्यंत बाई थांबल्या. "कुठे आहे ती?"

"चर्चमध्ये. मागच्या दाराने पाठवली. वेदीमागे बसलीय." साहेब खुर्चीत बसले, म्हणजे जवळजवळ कोसळलेच. "खोलीत कोणी नसावं, म्हणजे मला नाही म्हणता येईल, एवढंच सुचलं."

"तुमचं बोलणं खरं व्हावं म्हणून पोरीला उघड्यावर काढलीत." बाईंचा आवाज चढला नव्हता. "असू दे. आत्ता आयुष्यातलं पहिलं खोटं बोललात, ते वाया घालवू नका. बसस्टँड पंधरा मिनिटांवर. गाडी तो आतून-बाहेरून बघणार. परत पंधरा. स्कूटर काढा आणि तिला वन्संकडे पोचवा. आडवाटेने."

"आणि तू?"

"दोघंही नाहीत म्हटल्यावर तो लगेच माग काढेल. मी असले तर आधी माझ्याशी बोलेल."

"मी तुला एकटीला..."

"अहो, उठा."

साहेब उठले. चष्मा टेबलावर विसरले, परत येऊन घेतला आणि गेले. थोड्या वेळाने चर्चच्या मागे स्कूटर दोनदा खोकली, तिसऱ्यांदा लागली. आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग बारीक झाला, मग उरला की नाही हे सांगता येईना.

बाईंनी गाळणी धुतली. शिवणाच्या खोलीत जाऊन उशी उचलली, पांघरुणाची घडी केली, तिच्या हाताच्या प्लॅस्टरचा भुगा पदराने टिपला. मग पुढच्या खोलीत येऊन दाराकडे तोंड करून बसल्या.

फाटक वाजलं तेव्हा अठराच मिनिटं झाली होती. म्हणजे तो बसस्टँडपर्यंत गेलाच नव्हता. अर्ध्या वाटेत कुठेतरी थांबून त्याने विचार केला होता.

वेल्डर आत आला. रागावलेला दिसत नव्हता. देवळातली मूर्ती जागेवर नाही असं पाहून यावं, तसा त्याचा चेहरा होता.

"साहेब खोटं बोलले," तो म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या, आणि समोरची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

तो बसला नाही. मागे हात नेऊन, त्यांच्यावरची नजर न काढता, त्याने दाराला आतून कडी घातली.