गालावरचं कमळ

शुक्रवार उजाडला की बसवनगुडीतल्या त्या अरुंद गल्लीत चपलांना जागा उरत नसे. होसकोट्याहून पहिल्या बसने आलेल्या बायका, गांधीबझारातून मोगऱ्याचे मोळे, म्हणजे हातभर लांबीचे गजरे, घेऊन आलेल्या बायका, आणि कशासाठी गर्दी आहे हे न कळताच रांगेत उभी राहिलेली माणसं. रांग जिना चढून एका बैठकीच्या खोलीत जायची. तिथे पाटावर एक गर्भार बाई मान खाली घालून बसलेली असायची. तिच्या दोन्ही गालांवर लालभडक पुरळ होतं आणि नाकाच्या दांड्यावरून ते एकमेकांना जोडलेलं होतं.

"कमळ! मातेच्या मुखावर कमळ उमललंय," गुंडोमहाराज बाजूला उभे राहून सांगत. "दोन पाकळ्या गालांवर, देठ नाकावर. देवी स्वतः या उदरी वस्तीला आली आहे. हात जोडा, डोळे मिटा, ओटी इकडे ठेवा."

डोळे मिटायला सांगून ओटी ठेवायला सांगणं ही महाराजांची खास पद्धत होती. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या सकवारबाई दर शुक्रवारी पहिल्या असत आणि दर शुक्रवारी रडत. महाराज या आधी वास्तुदोष काढायचे आणि त्याच्याही आधी लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून द्यायचे. त्यांची स्वतःची छत्री मात्र बसमध्ये राहिली ती राहिलीच.

पाटावरची बाई म्हणजे आसावरी. पुण्याहून लग्न होऊन ती या घरी आली. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातच. नवऱ्याचं, म्हणजे अवधूतचं, खणा-लुगड्यांचं दुकान होतं. लग्नानंतर वर्षभरातच तिला बारीक ताप येऊ लागला, बोटांची पेरं सुजू लागली, मग चेहऱ्यावर हे पुरळ आलं. आजाराचं नाव ल्युपस. शरीराची राखण करायची ती शक्तीच उलटते आणि स्वतःच्या शरीरावर चाल करते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोन वेळा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर लक्ष्मीदेवींनी सगळं आधीच आखून घेतलं होतं. आजार बरेच महिने शांत राहिला, तेव्हाच त्यांनी होकार दिला. "जोखीम आहेच, अम्मा," त्या म्हणाल्या होत्या. "पण गोळ्या चालू ठेव आणि दर महिन्याला ये. आपण दोघी मिळून बाळाला बाहेर आणू."

पाचव्या महिन्यात पुरळ परत आलं. पूर्वी पुरळ असताना शेजारणी तिच्या हातचं हळदीकुंकू घेताना बोटं आखडायच्या, लागण होईल म्हणून. सासूबाई कस्तुराबाई सुनेला घेऊन गुंडोमहाराजांकडे गेल्या आणि परत आल्या त्या देवीला घेऊन. डॉक्टरांना त्या पुरळात फुलपाखरू दिसायचं, महाराजांना कमळ दिसलं, एवढाच काय तो फरक. पण त्या फरकाने आसावरीचं जगणं बदलून गेलं. ज्या बायका बोटं आखडत, त्याच आता तिच्या पायांवर डोकं ठेवू लागल्या.

तिला हे पटलं होतं का? नव्हतं. ती शास्त्र शाखेची पदवीधर होती. पण दोन मुलं गमावलेल्या बाईला कुणी म्हणालं की हे मूल जाणार नाही, देवी राखतेय, तर ते वाक्य खोटं आहे हे कळूनही सोडवत नाही. ती रात्री ते वाक्य मनात घोळवत झोपी जायची.

"देवी कधी गोळ्या घेते काय?" महाराज म्हणाले. "त्या गोळ्यांची उष्णता थेट बाळाला. बंद करा."

ही भीती तिची स्वतःची होती. महाराजांनी फक्त ती उचलली. गोळी तळहातावर घेतली की आपण बाळाला विष पाजतोय असं तिला वाटायचं. तिने गोळ्या कपाटात ठेवल्या आणि डॉक्टरांकडे जाणं लांबवत नेलं. अवधूतला तिने सांगितलं नाही आणि अवधूतने विचारलं नाही. आईचं समाधान होतंय, बायको हसतेय, मग कशाला वाद, असं म्हणून तो दुकानात जाऊन बसायचा.

महाराजांनी विधी लावून दिला होता. तिच्या उजव्या दंडावर तांब्याचं रुंद, घट्ट कडं चढवलं. "देवी या कड्यातून शिरते," ते म्हणाले. ते काढायचं नव्हतं. आणि दर गुरुवारी, ऊन चढलं की गच्चीवर पाट मांडून आवाहन. दुसऱ्या दिवशी दर्शन. शेजारच्या नारळाची सावली पाटावर सरकली की महाराज मंत्र थांबवून म्हणायचे, "माता, पाट स्वल्प इकडे घ्या." एका आठवड्यात आभाळ भरलेलं राहिलं, तेव्हा त्यांनी गुरुवारीच जाहीर केलं की देवी रुसली आहे, या शुक्रवारी दर्शन नाही. लोकांना त्याचंही कौतुक वाटलं.

सातवा महिना लागला आणि आसावरीची पावलं सुजली. सकाळी डोळे उघडायला त्रास होऊ लागला, पापण्या इतक्या फुगायच्या. डोकं ठणकायचं. लघवीला साबणासारखा फेस यायचा.

"देवीचं तेज चढतंय गं," कस्तुराबाई म्हणाल्या आणि प्रेमाने तिची पावलं चेपत बसल्या.

त्या शुक्रवारी पहाटे तिला जाग आली ती पोटातल्या शांततेने. रोज या वेळी बाळ लाथा मारायचं. तिने पोटावर हात ठेवून खूप वेळ वाट पाहिली. मग एक हलकी हालचाल झाली, दमल्यासारखी. तिने अवधूतला उठवलं.

"मी गोळ्या बंद केल्यात," ती म्हणाली. "आज दुकान उघडू नकोस. मला लक्ष्मीदेवींकडे ने."

तो ताडकन उठला. शर्ट अडकवून रिक्षा बघायला खाली धावला.

लक्ष्मीदेवी रागावल्या नाहीत, आणि त्याचीच आसावरीला जास्त भीती वाटली. त्यांनी लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवली. ती फाटलेल्या दुधासारखी पांढरी झाली. "मूत्रपिंडातून प्रथिनं गळताहेत," त्या म्हणाल्या. रक्तदाब मोजायला पट्टा गुंडाळायचा तर दंडावरचं कडं आड येत होतं. साबण लावून त्यांनी ते काढलं आणि हात तसाच धरून ठेवला.

"नोडम्मा. हे बघ."

कड्याच्या वरखाली दंड लाल पुरळाने भरलेला होता. कड्याने झाकलेल्या जागी मात्र बोटभर रुंदीची स्वच्छ, मूळ रंगाची कातडी होती.

"उन्हात बसतेस?"

"दर गुरुवारी. महाराज बसवतात."

"ऊन लागलं की हा आजार भडकतो. कातडीवर भडकतो, आणि कधी कधी आतही." त्यांनी पट्टा आवळला, आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात भरती हो. मी फोन करते. घरून जुने रिपोर्ट घे आणि नीघ. बाळ आज जिवंत आहे, उद्याचं मी सांगू शकत नाही."

घरी रांग जिन्यापर्यंत आली होती. अवधूत आत जाऊन रिपोर्टांची पिशवी घेऊन आला, तोवर महाराज दारात आडवे उभे राहिले.

"माता कुठे निघाल्या? देवीला दवाखान्यात नेलंत तर कोप होईल. गर्भाचं बरंवाईट झालं तर मी जबाबदार नाही."

"तुम्ही कशालाच जबाबदार नसता," आसावरी म्हणाली. तिने पदर बाजूला केला आणि दंड सासूबाईंपुढे धरला. "आई, देवी कड्यातून शिरते ना? मग कड्याखाली का नाही?"

कस्तुराबाईंनी चष्मा लावला. सुनेच्या दंडावरून बोट फिरवलं, लाल कातडीवरून कोऱ्या पट्टीवर, पुन्हा लाल कातडीवर. सकवारबाईही रडं थांबवून वाकून पाहू लागल्या.

"तिथे उजेड पोचला नाही, म्हणून नाही," आसावरी म्हणाली. "हा माझा आजार आहे, आई. उन्हात बसलं की दुसऱ्या दिवशी उठतो. महाराजांना ते कळलं होतं. डॉक्टरांकडे पाठवण्याऐवजी त्यांनी मला गच्चीवर बसवलं."

"मातेची लीला आहे ही," महाराज म्हणाले. "कड्याचं तेज..."

"थांबा स्वल्प," कस्तुराबाई म्हणाल्या. "पाट मीच उचलून सरकवत होते की. सावली आली की तुम्ही सांगायचात, इकडे घ्या, तिकडे घ्या. आभाळ आलं तर तुमची देवी रुसली. आमच्या देवघरात दिवसासुद्धा अंधार असतो. तिथे आणून दाखवा बघू तिला."

महाराजांनी घसा साफ केला. मग आपल्याला जयनगरला एका घरी जायचं आहे असं काहीतरी पुटपुटत ते जिना उतरले, आणि इतक्या चपलांमध्ये त्यांना स्वतःच्या लवकर सापडेनात. कुणी हसलं नाही. कस्तुराबाईंनी सुनेच्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं. तेज म्हणून आपण काय चेपत होतो, हे त्यांना तेव्हा कळलं.

मुलगी दोन महिने आधीच, ऑपरेशनने जन्मली. दोन तळहातांत मावेल एवढी. कितीतरी दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि आसावरी खालच्या मजल्यावर. मुलगी जगली. आसावरीची मूत्रपिंडं पुरती सावरली नाहीत; औषधं आता जन्मभराची. गोळ्या बंद केल्या नसत्या, उन्हात बसली नसती तर हे सगळं टळलं असतं का, ते लक्ष्मीदेवींनाही सांगता आलं नाही. कदाचित थोडं टळलं असतं, एवढंच त्या म्हणाल्या. ते 'थोडं' आसावरीला आजही झोपू देत नाही.

कस्तुराबाई आता सुनेबरोबर बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या हातात मोठी काळी छत्री असते. स्वच्छ ऊन पडलेलं असताना त्या ती सुनेच्या डोक्यावर धरून चालतात. गल्लीतल्या बायका विचारतात, अक्का, पाऊस कुठाय? तेव्हा त्या थांबतात आणि प्रत्येकीला सांगतात, अगदी सकवारबाईंनाही पुन्हा पुन्हा.

"चमत्कार दिसला तर हात जोडायची घाई करू नका. आधी त्याला सावलीत नेऊन बघा. आणि चालू औषध बंद कर म्हणून कुणी सांगितलं, तर तो देव असो की माणूस, त्याला घरात घेऊ नका. मी घेतला होता."

मग त्या छत्री थोडी आसावरीकडे झुकवतात आणि दोघी दवाखान्याच्या दिशेने चालू लागतात.