तळ्याच्या पाळीवरची घंटा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, तुम्ही एका उघड्याबोडक्या डोंगराच्या पायथ्याशी उभे आहात. नुकतंच उजाडलं आहे. समोर एक कोरडं तळं आहे आणि त्यातल्या चिखलाच्या वाळून खपल्या झाल्या आहेत. वारा अगदी पडला आहे. अशा शांततेत दुरून एक आवाज येतो, टण्... टण्... टण्.

ऐकू आला? तो माझा आवाज.

मी पितळेची घंटा आहे, वयाने जुनी आणि अंगाने लहान. तुमच्या मुठीत सहज मावेन. माझ्या काठाचा एक टवका उडाला आहे आणि माझी जीभसुद्धा मूळची नाही, ती एका मोडक्या बैलगाडीच्या खिळ्याची आहे. त्यामुळे माझा आवाज थोडा घोगरा येतो. पण त्या आवाजाने एकदा काय घडवलं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म ओताऱ्याच्या भट्टीत झाला. ओतारी म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा कारागीर. कुणाची फुटकी समई, कुणाच्या पाळण्याची कडी, कुठली तरी तुटकी तोटी असं काहीबाही त्याने एकत्र वितळवलं आणि मातीच्या साच्यात ओतलं. साचा फोडून त्याने मला बाहेर काढलं, नखाने टिचकी मारली, कान लावला आणि बायकोला म्हणाला, "ही बोलती हाय." माझं पहिलं कौतुक ते. अजून विसरले नाही.

नारायणगडाच्या जत्रेत एका धनगराने मला विकत घेतलं. त्याच्या खांद्यावर त्याचा लहानगा मुलगा बसला होता, त्याचं नाव बंकट. बंकटला पिपाणी हवी होती. घंटा मिळाली म्हणून त्याने भोकाड पसरलं. मग मात्र घरी पोचेपर्यंत त्याने मला एक क्षणही गप्प बसू दिलं नाही.

आमची वाडी केज तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेत आहे. तिथे मी कळपाच्या पुढे चालणाऱ्या मेंढीच्या गळ्यात बसले. मेंढरांची एक गंमत असते. पुढची जिकडे जाईल, तिकडे बाकीची जातात, आणि मागच्यांना पुढची दिसत नसली तरी घंटा ऐकू येते. त्या काळी डोंगरावर गवत एवढं वाढायचं की मेंढरांचे नुसते कान वर दिसत. संध्याकाळी मी कळपाला तळ्यावर आणायची. तिथे हळदी-कुंकू बदकं पोहत असायची आणि तांबड्या उंच पायांचे शेकाटे काठाने जपून पावलं टाकायचे. मेंढरं पाण्याला तोंड लावायची, की मीही थोडी बुडायची आणि माझा आवाज पाण्यात विरघळायचा. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढे डोंगरावरची झाडं गेली. गवत मुळापासून खाल्लं गेलं. पावसाबरोबर डोंगराची माती उतरून तळ्यात बसू लागली. मग एका वर्षी मोठा पाऊस झाला आणि तळ्याची पाळ, म्हणजे पाणी अडवणारी मातीची भिंत, मधोमध फुटली. ती कुणीच दुरुस्त केली नाही. उलट उरलेल्या पाळीची माती लोक अंगणात टाकायला नेऊ लागले. पोरं तळ्यात क्रिकेट खेळू लागली.

आणि माझं काय झालं? डोंगर इतका उघडा पडला, की मेंढरं कुठूनही दिसायची. घंटेची गरजच उरली नाही. मी खुंटीला गेले. माझी जीभ गळून पडली आणि माझ्या पोटात एका कोळ्याने संसार थाटला.

तिथून मला काढलं मोहिनीने. ही बंकटची नात, चौथीत शिकणारी. तिने मला चिंचेने घासून लखलखीत केलं, तो बैलगाडीचा खिळा वाकवून माझ्यात अडकवला आणि भुरी नावाच्या मेंढीच्या गळ्यात बांधलं. भुरी ही तिची सगळ्यात लाडकी. मोहिनी शाळेतून येताना दिसली, की भुरी अख्खा कळप घेऊन तिला सामोरी जायची. म्हातारा बंकट हसून म्हणायचा, "लेकाच्यांनो, राखतो मी आन् ऐकता तिचं!"

त्याच वर्षी उन्हाळ्यात वाडीतल्या बबिताने तळं पुन्हा उभं करायचं मनावर घेतलं. ती लग्न होऊन आली, तेव्हा तळ्यात पाणी होतं. तिच्या मुलींनी मात्र ते कधी पाहिलंच नव्हतं. पहिल्या दिवशी ती आणि तिची जाऊ, दोघीच फावडं-घमेलं घेऊन पाळीवर गेल्या. लोक लांबून बघत राहिले. मग बघणाऱ्यांनाच लाज वाटली असेल की काय, हळूहळू माणसं जमू लागली. न्हावी जीवन सकाळचं दुकान बंद ठेवून येऊ लागला. कडूबाईला वाकता येत नव्हतं, ती सगळ्यांसाठी गुळाचं पाणी घेऊन यायची आणि कोण दमलंय यावर बारीक लक्ष ठेवायची. पुण्याला नोकरी करणारी पोरं सुट्टी काढून आली. वाडीतल्या परमेश्वरने आपला ट्रॅक्टर मातीला लावला. डोंगरावर आडवे चर खणले गेले आणि फुटलेल्या जागी पाळ पुन्हा वर येऊ लागली. मित्रांनो, यातल्या एकालाही कुणी कामावर लावलं नव्हतं. जो तो आपणहून यायचा.

अर्थात, यायला उशीर व्हायचा. उन्हं चढली की काम होत नाही, आणि मोबाईलवर निरोप पाठवून माणसं काही अंथरुणातून उठत नाहीत.

डोंगराबद्दल ग्रामसभेत एक ठराव झाला. गवत परत येईपर्यंत तिथे चराई बंद. ठराव चांगलाच होता. पण मग बंकटची मेंढरं जाणार कुठे, हे कुणीच बोललं नाही. तळ्याखाली अर्जुनरावांचं मोठं रान आहे. गावात त्यांच्या शब्दाला वजन. एकदा पाळीजवळ कळप दिसताच ते काठी उगारून आले.

"बंकटा, मेंढरं लांब घे! पाळीची माती भुसभुशीत हाय. उकरून ठेवतील." त्यांनी काठी पाळीत खुपसली. ती लोण्यात सुरी जावी तशी हातभर आत गेली. "बघ! अशी हाय ही. पहिल्या पाण्यात वाहून जाईल."

बंकटने मेंढरं वळवली. घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "येत्या बाजारी मेंढरं केजला न्यायची. इथं आता आपलं काम न्हाई."

मोहिनीने भुरीच्या गळ्याला मिठी मारली. तिचं रडणं मी अगदी जवळून ऐकलं.

माती भुसभुशीत होती, हे मात्र खरं होतं. ती दाबायला रोलर येणार होता, पण तो दुसरीकडे रस्त्याच्या कामाला गेला. पाऊस तोंडावर आलेला. लोक हातातल्या धुम्मसाने माती ठोकत होते. हात सुजले, पण पाळ काही घट्ट होईना. एवढ्या लोकांचे कष्ट आता एका पावसाच्या मर्जीवर होते.

बाजाराच्या आदल्या दिवशी बबिता दारात आली. "मोहिनी, उद्या लोकांना लवकर उठवायचंय. शाळेची घंटा सुट्टीत कुलपात अडकलीय. तुझ्याकडं काही वाजणारं हाय का गं?"

मोहिनीने गोठ्यात जाऊन मला भुरीच्या गळ्यातून सोडवलं आणि बबिताच्या हातात दिलं. "घ्या काकू. भुरीला आता कशाला लागणार हाय?"

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू झालं. बबिता पाळीच्या मधोमध उभी राहिली आणि तिने मला जोरात हलवलं. टण्, टण्, टण्! मी जीव तोडून वाजले.

माणसं उठली की नाही, मला माहीत नाही. त्याआधी माझी हाक दुसऱ्याच कुणीतरी ऐकली.

खाली केजच्या रस्त्याला बंकट कळप घेऊन निघाला होता. मोहिनी मान खाली घालून मागून चालत होती. भुरीने माझा आवाज ऐकला. तिने कान टवकारले, मान वळवली आणि रस्ता सोडून ती सरळ पाळीकडे सुटली. तिच्यामागे अख्खा कळप.

"हुर्रर्र! भुरे! आगं कुठं चाललीस?" बंकट ओरडत होता.

मेंढरांचा लोंढा अंगावर येताना पाहून बबिता घाबरली आणि पळत सुटली. पण मी तिच्या हातातच होते! ती जेवढी जोरात पळे, तेवढी मी जोरात वाजे. आणि मी जेवढी जोरात वाजे, तेवढी मेंढरं जोरात धावत. पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी सगळी वरात निघाली.

"काकू, घंटा टाका! घंटा टाका!" मोहिनी हसत, रडत मागून ओरडत होती.

बबिताने मला फेकलं. भुरी माझ्यापाशी येऊन थांबली आणि मला हुंगून शांतपणे रवंथ करू लागली.

गलका ऐकून गाव जमा झालं. अर्जुनराव धापा टाकत वर चढले. "बंकटा, वाटोळं केलंस! सगळ्या पाळीचा चिवडा झाला!"

"मी कुठं आणली, अण्णा? त्येंनाच इचारा की."

"इचारा काय इचारा! ही बघ माती, नुसती पिठासारखी..." असं म्हणत त्यांनी तावातावाने काठी पाळीत खुपसली.

काठी आत गेलीच नाही.

त्यांनी चार पावलं पुढे जाऊन पुन्हा खुपसली. बोटभर गेली आणि अडली.

"अण्णा, जरा जोर लावा," ट्रॅक्टरवाला परमेश्वर मागून म्हणाला. "भाकर खाल्ली न्हाई का सकाळी?"

हशा पिकला. अर्जुनरावांनी खाली वाकून मातीला हात लावला. शेकडो बारीक खुरांनी ती चेपून चेपून घट्ट बसवली होती. हे रोलरचं काम होतं, आणि ते मेंढरांनी पळता पळता केलं होतं. पाळीवरचे सगळे चेहरे एकदम उजळले.

"मामा, परत एकदा फिरवा की!" बबिता बंकटला म्हणाली. तिला अजून दम लागला होता.

बंकटने मुंडासं नीट केलं. "कावून? आमची मेंढरं तर पाळ उकरतात. आमी आपलं बाजाराला चाललो."

"लई ताणू नको बे बंकटा," अर्जुनराव नजर चुकवत म्हणाले.

"ताणू कुठं? डोंगरावर बंदी हाय. फिरवून खाऊ काय घालू त्येंना, तुमचा ठराव?"

मोहिनी मला उचलून पुसत म्हणाली, "आबा, बंदी डोंगरावर हाय ना? अण्णांच्या रानात कुठं हाय?"

सगळ्यांच्या माना अर्जुनरावांकडे वळल्या. ते आधी मोहिनीकडे रोखून बघत राहिले, मग गालात हसले. "पोरगी लई आगाऊ हाय रे तुझी." काठी काखेत मारून ते म्हणाले, "आण. माझ्या रानात बसव मेंढरं. कडबा मी घालतो. पण पयल्यांदा माझ्याच रानात हं! लेंडीखत मला पयलं पायजे."

"मग दुसऱ्यांदा आमच्यात!" जीवन ओरडला.

"तुझं रान केवढं, बे? दोन मेंढरं बसली तर तिसरी बांधावर!" परमेश्वर म्हणाला. आणि मग मेंढरं आधी कुणाच्या रानात बसवायची, यावर पाळीवर असं भांडण जुंपलं, की तसलं गोड भांडण मी माझ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

त्या बाजारी भुरी केजला गेली नाही. पुढच्या बाजारीही नाही. रोज सकाळी माणसं पाळीवर मातीचा थर टाकायची, पाणी शिंपडायची, आणि मग मोहिनी मला वाजवत पुढे चालायची. तिच्यामागून मेंढरं यायची. पाऊस आला, तळं भरलं, पाणी पाळीला येऊन टेकलं. अर्जुनराव छत्री धरून सबंध दिवस पाळीवर ठाण मांडून बसले होते. पाळीने पाण्याचा एक थेंबही पलीकडे जाऊ दिला नाही. हिवाळ्यात हळदी-कुंकू बदकं परत आली. कडूबाई काठावर बसून तीही दमलीत का ते बघायची आणि म्हणायची, "बसा गं बायांनो, लई लांबून आलात."

यंदाच्या उन्हाळ्यात तळ्याकाठी मोठा कार्यक्रम झाला. तळ्यात अजूनही पाणी होतं. श्रमदान केलेल्या प्रत्येकाला नारळ दिला. सरपंच अमरसिंह यांनी मलाही हार घातला आणि जाहीर केलं, "ही घंटा आपण ग्रामपंचायतीत काचेच्या पेटीत ठेवणार आहोत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मित्रांनो, मला मात्र खुंटी आठवली. काचेची पेटी म्हणजे जरा महागातली खुंटीच की! आणि दुसरी काळजी मोठी होती. तळ्याची पाळ एकदा बांधली की कायमची होत नाही. उंदीर तिला बिळं पाडतात, उन्हाने तिला भेगा जातात. दर उन्हाळ्यात तिला माणसांचे हात लागतात आणि मेंढरांचे पाय लागतात. ज्यांनी तळं राखलं त्यांचा सत्कार जरूर करा, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या शेजारी फावडं घेऊन उभेही राहा. त्यांना खरा आनंद त्याचाच होतो. मला हे सगळं ओरडून सांगायचं होतं. पण कुणी हलवल्याशिवाय घंटेला बोलता कुठे येतं?

"ये मोहिनी, तुझ्या हाताने ठेव पेटीत," अमरसिंह म्हणाले.

मोहिनी मंचावर आली. तिने मला उचललं, पेटीकडे पाहिलं, मग तळ्याकडे पाहिलं. दुसऱ्याच क्षणी तिने मंचावरून खाली उडी मारली आणि मला टण् टण् वाजवत ती पाळीकडे धावत सुटली. लिंबाखाली बसलेली भुरी उठली, कळप उठला, बबिता हसत हसत पदर खोचून उठली आणि नारळ हातात घेऊन सगळं गाव त्यांच्यामागे निघालं.

पाळीवर पोचल्यावर मोहिनीने माझा हार काढून भुरीला खायला दिला. मला तिच्या गळ्यात बांधलं, गाठ ओढून पाहिली आणि म्हणाली, "चल."