खेकड्यांविरुद्ध क्रिसांतो

अंतिम सामन्याच्या दिवशी ओंदिनाने दुपारचं झोपायचं आणि सगळ्या गावाने गप्प बसायचं, असा बानी शहरापलीकडच्या त्या मिठागरांच्या गावात रिवाजच होता. कोंबडा आरवला तर त्यालाही शिव्या पडत. दुकानदार फिदेलिओ त्या दिवशी आपला रेडिओ बंद ठेवी. फिदेलिओचा रेडिओ बंद म्हणजे समुद्र थांबल्यासारखंच.

कारण सांगतो. गावात बेसबॉलची एक लीग होती, पण तिला मैदान नव्हतं. ओंदिनाच्या ओसरीवरचं एक टेबल, दोन फासे आणि पुठ्ठ्याचे कापलेले पत्ते, एवढाच सगळा पसारा. एकेका पत्त्यावर एकेक खेळाडू, मनाने रचलेला. फासे पडतील तसे चेंडू उडायचे, बेस चोरले जायचे, सामने जिंकायचे-हरायचे. तुम्ही म्हणाल, हा तर पोरखेळ झाला. म्हणा बापडे! ज्यांचे गुडघे गेले त्यांनी खेळायचंच नाही की काय? न्यूयॉर्कला गेलेले गाववालेही फोन कानाला लावून इथले निकाल ऐकत आणि खऱ्या लीगसाठी भांडले नसतील एवढे या लीगसाठी भांडत.

सामना फासे ठरवत. पण दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत खेळाडूंचं काय झालं, कोणाचा घोटा मुरगळला, कोणाचं लग्न ठरलं, कोण बायकोशी भांडून उपाशीपोटी मैदानात आला, हे फाशांना काय कळणार? ते ओंदिनाला कळे. दुपारच्या झोपेत तिला जे दिसे ते ती उन्हं कलल्यावर ओसरीत बसून सांगे. याला सगळे 'बातमी' म्हणत. बातमीत आलं ते घडलं. खेळाडू बरा झाला म्हणाली तर त्याच्या पत्त्याला नवा जोर चढे. खेळ सुटला म्हणाली तर पत्ता कायमचा बाजूला. स्वप्नाशी वाद घालायचा नाही, हा लीगचा पहिला नियम. लॉटरीचा आकडासुद्धा स्वप्नावरून लावणारी माणसं ही, त्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं.

तर त्या रविवारी ओंदिना भांडी आवरून हात पुसत होती, तेवढ्यात तिचा नवरा बेलार्मिनो येऊन दाराला टेकून उभा राहिला. 'मिठागरी' हा संघ त्याचा. सारा जन्म त्याने मिठागरात काढलेला, तळव्यांच्या भेगांत अजून मीठ होतं. समोरचे 'खेकडे' फिदेलिओचे.

"ओंदिना, आज क्रिसांतोचा हात जरा नीट बघ," तो म्हणाला.

"नीट बघायला मी काय डॉक्टर आहे?"

"तसं नाही गं. म्हणजे... बरा झालेला बघ."

हात पुसता पुसता ओंदिना थांबली. फिदेलिओ दर हंगामात चीज नि सॉसेज घेऊन यायचा, लाडीगोडी लावायचा आणि बोलणी खाऊन जायचा. ते चालायचंच. पण बेलार्मिनोने आजवर कधी एका शब्दाने काही मागितलं नव्हतं.

"एकच हंगाम अजून," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "जास्त नाही मागत."

"म्हाताऱ्या, मी स्वप्नं बघते. मापाने शिवून देत नाही."

तो मागच्या अंगणात निघून गेला. ओंदिनाला वाटलं, उगाच टोचून बोलले. पण तोंडातून गेलेला शब्द थोडाच परत येतो!

क्रिसांतो त्यांचा एकुलता एक मुलगा. उजव्या हातात वारं होतं पोराच्या. चेंडू टाकणारा पिचर होणार, मोठ्या लीगमध्ये जाणार, आईला सिमेंटचं घर बांधणार, असं सारं गाव धरून चाललेलं. पण निवडायला आलेली माणसं दोनदा आली, दोनदा मान हलवून गेली. मग एक दिवस तो कोणाला न सांगता पूर्वेला मिचेसला गेला आणि पोर्तो रिकोला जाणाऱ्या चोरट्या होडीत बसला. होडी पोचली नाही. परतही आली नाही. समुद्राने एक चप्पलसुद्धा बाहेर टाकली नाही.

त्यानंतरच्या हंगामात बेलार्मिनोने एक नवा पत्ता कापला आणि त्यावर मुलाचं नाव लिहिलं. ओंदिनाच्या काळजाचं पाणी पाणी झालं. फाडून टाकावा तो पत्ता, असं तिला वाटलं. पण पहिलाच फासा पडला, फिदेलिओचा फलंदाज बाद झाला आणि बेलार्मिनो हसला. कित्येक महिन्यांत हसला नव्हता तो माणूस. मग ती काय बोलणार? पत्ता तसाच राहिला.

तेव्हापासून क्रिसांतो दर रविवारी चेंडू टाकत होता. फाशांच्या लीगमधली वर्षं भराभर सरतात. पत्त्यावर तो आता चाळिशीला आला होता, पत्त्याचा जोर दर हंगामाला ओसरत होता आणि त्याचा खांदा धरलाय हे गेल्या बातमीत ओंदिनानेच सांगितलं होतं. दुसऱ्या कोणाचा पत्ता असता तर केव्हाच बाजूला पडला असता. पण बेलार्मिनो ऐकत नव्हता. गेलेल्या माणसासाठी घरात नऊ दिवस प्रार्थना होते, मेणबत्त्या लागतात, शेजारपाजार येऊन बसतो. क्रिसांतोसाठी यातलं काहीच झालं नव्हतं. कोणी विषय काढलाच तर बेलार्मिनो ताडकन म्हणायचा, "माझा पोरगा कामावर आहे. कामावर गेलेल्या माणसाच्या नावाने कोणी रडत बसतं का?"

आणि ओंदिनाचं दुःख तर त्याहून निराळं. स्वप्नात तिला सगळे दिसत. खेकड्यांचा जाडा बिस्कोचो दिसे, त्याच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसे. क्रिसांतो मात्र कायम पाठमोरा. त्याचं लग्न तिने चर्चच्या शेवटच्या बाकावरून पाहिलं, त्याची मुलगी त्याच्या खांद्यावर झोपलेली पाहिली, पण तोंड? एकदाही नाही. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातं! आईच्या मनात जे वसतं, त्याने तिला कायम पाठच दाखवली होती.

ती झोपाळ्यावर आडवी झाली. वारा मिठागरावरून येत होता, ओठांवर खारट बसत होता. पापण्या जड झाल्या.

मैदान सगळं मिठाचं होतं. पांढरंशुभ्र, डोळे दिपवणारं, आणि त्यावर ओल्या मिठाने ओढलेल्या रेघा. वाळूच्या टेकड्यांवर शेळ्या बसल्या होत्या, तिकीट काढून आल्यासारख्या. कुठेच आवाज नव्हता. चेंडू बॅटला लागायचा, पण त्याचा आवाज मागाहून यायचा, सावकाश, पाण्यातून आल्यासारखा. बिस्कोचो तोंड पुसत होता. खेकड्यांचा पिचर लिबोरिओ नुकतेच केस कापून आला होता आणि मानेला वारा लागतो म्हणून कुरकुरत होता. मधोमध क्रिसांतो, पाठमोरा. त्याने चेंडू टाकला. मग दुसरा. तिसऱ्याला त्याने हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

मग तो वळला.

केस कानांपाशी पांढरे झाले होते, पण चेहरा तोच, भुवईवर लहानपणी पडल्याची खूण तीच. त्याने हातमोजा काढून मिठावर ठेवला आणि मैदान सोडून सरळ तिच्याकडे चालत यायला लागला.

ती जागी झाली तेव्हा बेलार्मिनो झोपाळ्याची दोरी धरून उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"दिसला?"

"दिसला."

"आणि हात?"

"सगळ्यांसमोर सांगेन," ती म्हणाली आणि तोंड धुवायला गेली. तोंड धुताना तिला रडू फुटलं, म्हणून तिने दोनदा धुतलं. एक शब्द, फक्त एक शब्द बोलायचा. हात बरा आहे म्हटलं की संपलं. पत्त्याला जोर येईल, पोरगा आणखी एक हंगाम चेंडू टाकील, आणि या माणसाच्या तोंडावर दर रविवारी ते हसू येईल. कोणाचं काय बिघडणार होतं? आणि नाही म्हटलं तर? बाप सहन करील? की माझ्या पोराला तू मारलंस म्हणून आयुष्यभर तोंड फिरवील? पण ओसरीत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि तिला जावंच लागलं.

सगळे जमले होते. भिंतीला टेकवून ठेवलेल्या फोनमधून न्यूयॉर्कवाले खोकत होते. फिदेलिओ नवी टोपी घालून पहिल्या रांगेत. क्रिसांतोला बाप्तिस्म्याच्या वेळी याच फिदेलिओने धर्मपिता म्हणून हातावर घेतलं होतं. त्या नात्याने तो तिला 'कोमाद्रे' म्हणायचा आणि कधी तिच्याशी एकेरीत बोलला नाही.

"बोला कोमाद्रे," तो म्हणाला. "खेकडे किती धावांनी जिंकतायत?"

"आधी तोंड बंद कर, मग सांगते."

हशा पिकला. ओंदिनाने हात मांडीवर ठेवले आणि डोळे अर्धे मिटून घेतले.

"मैदान आज मिठाचं आहे. चेंडू जमिनीवर पडला की घसरणार, म्हणून ज्याचे पाय हलके त्याची चांदी. मिठागरींचे पाय हलके आहेत. पण आमच्या मेल्गारचा बूट हरवलाय, भावाचा मोठा बूट घालून आलाय गाढव, त्याच्या दिशेने मारलेला चेंडू तो अडवील याची खात्री नाही. खेकड्यांचा लिबोरिओ केस कापून आलाय. मानेला गार वारा लागतोय, पहिले काही चेंडू वेडेवाकडे पडतील. तेवढ्यात काय मारायचं ते मारून घ्या. एकदा का मान तापली की मग तो कोणाच्या बापाचं ऐकणार नाही."

"आणि माझा बिस्कोचो?" फिदेलिओ अधीर झाला.

"भाचीच्या बारशाला जाऊन अख्खा केक खाऊन आलाय."

"अरे देवा! मग तो पळणार कसा?"

"पळायचं कशाला? पोट भरलेला माणूस लांब मारतो. कुंपणापलीकडे मारेल आणि ढेकर देत चालत येईल."

खेकड्यांच्या बाजूने टाळ्या पडल्या. फोनमधून कोणी तरी शिट्टी मारली. मग टाळ्या थांबल्या आणि सगळ्यांच्या नजरा नकळत बेलार्मिनोकडे गेल्या. तो टेबलाशी बसला होता. फासे मुठीत, आणि क्रिसांतोचा पत्ता समोर ठेवलेला.

"आणि आमचा पिचर?" त्याने विचारलं. आवाज साधाच होता, पण मूठ पांढरी पडली होती.

ओंदिनाने त्याच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांचा संसार केलेला माणूस. मनात म्हणाली, देवा, याला सांभाळ.

"क्रिसांतो आज चेंडू टाकणार नाही," ती म्हणाली. "आजच नाही, पुढेही नाही. त्याने हातमोजा मैदानात ठेवला. घरी आलाय तो."

फिदेलिओने टोपी काढली आणि छातीशी धरली. फोनमधला खोकला थांबला. सगळ्यांना वाटलं, आता टेबल उलटणार.

बेलार्मिनो पत्त्याकडे बघत राहिला.

"तोंड पाहिलंस?" त्याने विचारलं.

"पाहिलं. तुझ्यासारखा दिसायला लागलाय. कानांपाशी पिकलाय."

"भिजला होता?"

"नाही रे," ओंदिना म्हणाली, आणि आता तिने डोळे पुसले नाहीत. "कोरडा होता. केससुद्धा कोरडे. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता."

बेलार्मिनोने मान हलवली, एकदा, दोनदा, हिशेब जुळल्यासारखी. मूठ उघडली. फासे टेबलावर घरंगळले, पण किती पडले ते कोणी बघितलं नाही.

"जेवला का?"

"जेवला. भात, घेवडा. खाली लागलेली खरवड तुझ्यासाठी काढून ठेवली होती, तीही मागून घेतली. मी म्हटलं, बाबांची आहे. ऐकेना."

"खाऊ दे गं," बेलार्मिनो म्हणाला. "खाऊ दे त्याला."

आणि तो माणूस सगळ्यांच्या देखत, टेबलावर डोकं ठेवून मोठ्याने रडायला लागला. फिदेलिओ उठला. त्याने खेकड्यांचे पत्ते गोळा करून खिशात टाकले आणि मेणबत्त्या आणायला दुकानाकडे गेला.