एक रेघ आणि सही

"सापडली!" गॅरेजवाला ओरडला, आणि उठायच्या घाईत त्याचा गुडघा बाकावर आपटला.

बाक लहान मुलांचे होते. रविवारी दुपारी शाळा रिकामी असते म्हणून मोठ्यांचा हिशेबाचा वर्ग तिथे भरायचा, आणि चाळिशी-पन्नाशीची माणसं तिसरीतल्या पोरांच्या जागी अंग चोरून बसायची. मास्तर मात्र उभे असत. बसून शिकवणं म्हणजे झोपून जेवणं, असं त्यांचं मत होतं.

"बोला," मास्तर म्हणाले.

"पाचशेच्या मालावर वीस टक्के चढवले, सहाशे झाले. इथवर ठीक. मग गिऱ्हाईकाला वीस टक्के सोडले आणि तुम्ही पुन्हा पाचशे लिहिलेत. पण सूट सहाशेवर बसणार ना! चारशे ऐंशी झाले. वीस गेले आपल्याच खिशातून."

"आणि गिऱ्हाईक वर म्हणणार, अजून थोडं कमी करा," मागून बेकरीवाली म्हणाली. वर्ग हसला. मास्तरही हसले.

त्यांची ही रीतच होती. दर रविवारी फळ्यावर एक चूक ते मुद्दाम पेरत आणि ती वर्गाने हुडकायची. सापडली की फडका फिरवायचा नाही. चुकलेल्या जागी एक सरळ रेघ, वर बरोबर आकडा, आणि खरोखरच्या हिशेबात चूक झाली असेल तर बाजूला चुकणाऱ्याची सही. छापखान्याच्या हिशेब खात्यात उभी हयात घालवलेला माणूस, त्याला खाडाखोडीचा मनापासून तिटकारा. "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे जगात चालतं. हिशेबात चालत नाही," असं ते दर नव्या माणसाला ऐकवत. पेरलेल्या चुकीवर ते स्वतः कधी सही करत नसत. ती माझी नव्हेच, म्हणायचे, ती तुमच्यासाठी घेऊन आलोय.

त्या दिवशी सकाळीच घरी वाजलं होतं. न्हाणीघरातला नळ उघडा टाकून मास्तर पेपर वाचत बसले आणि पाणी पार पलंगाखाली गेलं. लेक फरशी पुसता पुसता म्हणाली, "बाबा, आता वर्ग पुरे. उद्या तिथे काही भलतंच शिकवाल आणि ती माणसं त्यावर दुकानं चालवतील."

"घरात चुकतं माझं. फळ्यापुढे नाही चुकत."

"आणि चुकलं तर?"

"तर मी होऊन खडू खाली ठेवीन. कुणी सांगायची वाट बघणार नाही."

शब्द देताना मास्तरांना जडही गेलं नव्हतं. चष्मा हरवायचा, शेजाऱ्याचं नाव आठवायचं नाही, गोळी घेतली की राहिली ते कळायचं नाही. पण फळा समोर आला की सगळं जागच्या जागी असायचं. बायको गेल्यापासून आठवडाभर ते या रविवारचीच वाट बघत. फळ्यानेही साथ सोडली तर आपल्याकडे काय उरलं, हा विचार त्यांनी आजवर पुरता केला नव्हता. धीरच नव्हता.

"मास्तर," पहिल्या बाकावरून टेलरबाई म्हणाल्या, "काल मी मशिन घेतलं. रोखीनं. ते लिहायचं कसं?"

टेलरबाई इतकी वर्षं दुसऱ्याच्या दुकानात शिवत होत्या. आता स्वतःचं उघडणार होत्या. मास्तरांना पोटच्या पोरीचं लग्न ठरल्यासारखा आनंद झाला.

"वा! आधी नियम म्हणा बघू. जे येतं ते नावे..."

"जे जातं ते जमा!" वर्गाने पुरं केलं. हा पाठ झोपेत विचारला असता तरी आला असता.

मास्तरांनी खडू घेतला आणि आपल्या गोल अक्षरात लिहिलं: मशिन, जमा. रोकड, नावे.

"घ्या. फिटलं तुमचं कोडं."

ते वळले. कुणीच उतरवून घेत नव्हतं. बेकरीवाली पेनाचं टोपण चावत होती. गॅरेजवाला आपला गुडघा चोळत बसला होता, आता तो दुखत नसावा.

"काय झालं?"

"कुठे काय," टेलरबाई घाईघाईने म्हणाल्या.

"चूक आहे का?"

"नाही, मास्तर. आजची सापडली की मघाशीच."

मास्तर फळ्याकडे वळले. एकदा वाचलं, परत वाचलं. दोन्ही ओळी त्यांना बरोबरच दिसत होत्या. समोरची माणसं खाली बघत होती, आणि मास्तरांना चूक काही दिसत नव्हती.

"इतके रविवार हेच शिकलात का?" त्यांचा आवाज चढला. "झाकायला?"

टेलरबाई उठल्या, फळ्याशी गेल्या. हात फडक्याकडे गेला.

"फडका नको."

त्यांनी खडू घेतला. दोन्ही शब्दांवर एकेक रेघ मारली. जमाच्या वर नावे लिहिलं, नावेच्या वर जमा. मग मास्तरांपुरतं हळू म्हणाल्या, "मशिन आलंय ना घरात. तुम्ही लिहिलंत तसं ते विकलं गेलं असतं."

"काल घेतलं, आज विकलं," गॅरेजवाला उगाच म्हणाला. कुणी हसलं नाही.

आता मास्तरांना दिसलं. छापखान्यात याच चुकीसाठी त्यांनी कितीतरी नव्या कारकुनांची पहिल्याच दिवशी बिनपाण्याने केली होती. त्यांनी खडू मागून घेतला आणि रेघांच्या बाजूला सही केली. पूर्ण, कचेरीत करत तशी, खाली फराटा ओढून.

मग त्यांनी खडू टेलरबाईंपुढे धरला. "पुढचं गणित तुम्ही घाला."

"मी? छे, मला कुठलं जमतंय!"

"लेकीला शब्द दिलाय, बाई. चुकलं की खडू ठेवीन म्हणून. वर्गात येणार नाही असं नव्हतं म्हटलं."

ते टेलरबाईंच्या जागी पहिल्या बाकावर बसले. पाय आधी आत जाईनात. शेवटी तिरके करून बसवले. हे इतकं अवघड आहे, हे या लोकांनी कधी सांगितलंच नव्हतं.

टेलरबाई फळ्याकडे वळून लिहू लागल्या. तीन मीटर कापड, मीटरला दोनशे. शिलाई तीनशे पन्नास. खाली एकूण लिहिलं: आठशे पन्नास.

"चूक पकडा," त्या म्हणाल्या.

गॅरेजवाल्याला ती पाहताक्षणी दिसली. त्याचा हात खांद्यापर्यंत वर गेला. मग त्याने पुढच्या बाकाकडे पाहिलं.

मास्तर बाकाच्या लाकडावर बोटाने बेरीज मांडत होते. एकदा मांडली, पुसल्यासारखा हात फिरवला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

गॅरेजवाल्याने हात खाली घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.