निळा गट

प्रत्येक मूल वेगळं असतं, हे अध्यापक विद्यालयाच्या आचार्यांनी ऐंशी जणांना एकाच वेगानं लिहून दिलं होतं. "लिहा," ते म्हणाले, "वैयक्तिक भेद. खाली दोन रेघा ओढा." ऐंशी जणांनी दोन-दोन रेघा ओढल्या. ज्याला कळलं त्यानं लिहिलं, ज्याला कळलं नाही त्यानंही तेच लिहिलं, आणि परीक्षेत ज्याचा शब्द आचार्यांच्या शब्दापेक्षा वेगळा पडला त्याचे गुण कापले गेले. अंजनाला तेव्हा हसू आवरेना. हा माणूस प्राथमिक शाळेत शेवटचा गेला तो स्वतः चौथी पास झाला तेव्हा, असं ती मैत्रिणींना सांगायची. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

अंजनाची जीभ अशीच होती. डी.एड.चं शेवटचं वर्ष चाललं होतं, घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेली ती पहिली, आणि जगात अक्कल कमी आहे याबद्दल तिची खात्री पटलेली. लहानपणी ती जिथं शिकली तिथल्या गुरुजींनी तिला चार वर्षं मागच्या भिंतीला बसवलं होतं. वहीत सगळं बरोबर असलं तरी जागा भिंतीचीच. आपण मास्तरीण झालो की कोणत्या पोराला कुठं बसवायचं ते त्याचं डोकं पाहून ठरवू, त्याच्या बापाचं आडनाव पाहून नाही, असं तिनं कधीचं ठरवून टाकलं होतं.

चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत तिला महिनाभराच्या सरावाला शेलूबाजारपासून दोन कोसांवरची एक शाळा मिळाली. दोन खोल्या, दोन गुरुजी. थोरले पंजाबराव तिसरी आणि चौथी एकत्र सांभाळत. सांभाळत म्हणजे फळ्यावर एक गणित लिहायचं आणि खुर्चीत डोळे मिटायचे. गणित तिसरीला कठीण जायचं आणि चौथीला सोपं, पण त्याचा त्रास पंजाबरावांना होत नसे. "बाई, तुमचं ते नवीन शास्त्र कराच तुमी," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "मी पंचवीस सालं झाले, एकच शास्त्र जाणतो. ज्याच्या नशिबात हाय त्याले येते." अंजनानं मान डोलावली आणि मनात म्हटलं, तुमच्या नशिबात मात्र पगार बरा आला.

तिनं चौथीची चाचणी घेतली. चोवीस पोरं. तोंडी वेगळी, लेखी वेगळी, आणि तीही स्वतः काढलेली. पुस्तकातले पाच मुलांना वाटायचे लाडू तिनं काढून टाकले, कारण लाडू मोजण्याइतके लाडू त्या गावात कुणाच्या घरी होत नव्हते. त्याऐवजी तिनं कडबा घातला. चारशे सदतीस पेंढ्या आहेत, पाच-पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा बांधला, तर पाचुंदे किती? बाकीची पोरं पाटीवर रेघोट्या ओढत होती तोवर मागून आवाज आला.

"सत्त्याऐंशी. अन् दोन पेंढ्या सुट्या राह्यल्या."

"सुट्या मी विचारल्या नाहीत," अंजना म्हणाली.

"नाई इचारल्या, पण त्या हायेत ना बाई. फेकून द्याच्या काय?"

ही पंचफुला. नऊ वर्षांची, एका दातानं कमी, बोलायला फटकळ. आई लिलाबाई बौद्धपुऱ्यात राहायची, रोजानं कडबा बांधायला जायची; बाप नव्हता. अंजनाला ती पोरगी इतकी आवडली की संध्याकाळी ती आपणहून त्यांच्या घरी गेली.

लिलाबाईनं बाज टाकली, चहा ठेवला आणि सरळ कामाचंच विचारलं. "बाई, गावात चवथीच हाय. पाचवीले शेलूबाजार. दोन कोस जानं, दोन कोस येनं. गुरुजी म्हनते, कायले पाठवता, कामाले लावा. त्याइच्या म्हनन्याले मी काई मोजत नाई, थे आमच्या सगळ्याच पोराइले तसं म्हनते. पन मले त काई समजत नाई. तुमी आपल्यातल्या हा. तुमी महिनाभर पाहा अन् सांगा, धाडू का नको."

"सांगते," अंजना म्हणाली. खरं तर उत्तर तिला तेव्हाच माहीत होतं. पण पोरीबद्दल घाईनं बोलू नये, शास्त्राप्रमाणे महिनाअखेर सगळ्यांचंच लेखी सांगावं, असा तिचा विचार. शास्त्राची हौस तिलाही थोडी चढली होती.

चाचणीवरून तिनं तीन गट पाडले. वाशीमहून घोटीव कागद आणून कार्डं कापली. लाल कार्डावर अवघड गणितं, पिवळ्यावर मधली, निळ्यावर बारा भागिले तीन असली. लाल सहा, पिवळी बारा, निळी सहा. पाठाच्या टाचणात गटवार नावं लिहिली, आणि आचार्यांकडून संख्या मंजूर करून आणली. पहिल्या आठवड्यात मजा आली. पोरं आपापल्या कार्डाला भिडली. निळ्या गटातला एक जण तर आयुष्यात पहिल्यांदा बरोबर उत्तर आल्यानं बाहेर जाऊन उड्या मारून आला. अंजनाला वाटलं, आचार्यांना हे दाखवावं. मग वाटलं, नको, ते याच्याखालीही दोन रेघा ओढायला लावतील.

वार्षिक पाठाच्या आदल्या दिवशी पंजाबरावांनी टाचण वाचलं. बाहेरून परीक्षक यायचे होते, आणि त्या पाठावर अंजनाची नोकरी होती.

"वामन निळ्यात?" गुरुजींनी चष्मा वर केला. वामन हा सरपंच पुंजाजी पाटलांचा नातू.

"त्याला तीनचा पाढा येत नाही, गुरुजी."

"पाढ्याले काय करता? उद्या सायेबाचं जेवन पाटलाकडे हाय. पाटील सोता वर्गात येऊन बसनार. सगळ्या गावाले मालूम झालं, निळं कार्ड म्हंजे ढ. नातवाच्या हातात त्यानं लाल सोडून दुसरं कार्ड पाह्यलं, त तुमचा पाठ तिथंच झाला म्हनून समजा. अन् शाळेचा शेरा मलेच लिहा लागते." पंजाबराव रागावले नव्हते. उलट अंजनाचंच भलं करतो आहोत अशा सुरात बोलत होते. असली माणसं रागावत नाहीत, हीच त्यांची खोड असते.

सातवं लाल कार्ड करता आलं नसतं का? नसतं. संख्या मंजूर झालेली होती. नावांना मंजुरी लागत नव्हती. वामनला लालमध्ये घ्यायचा तर लालमधलं कुणीतरी काढायचं. काढलेल्याला पिवळ्यात घातलं, की पिवळ्यातलं एक निळ्यात ढकलायचं; म्हणजे टाचणावर खाडाखोड वाढली, आणि खाडाखोडीचे गुण कापले जात. लालमधलं नाव सरळ निळ्यात टाकलं की काम सोपं.

अंजना कंदिलाच्या उजेडात सहा नावं पाहत बसली. एक तलाठ्याचा मुलगा. एक दुकानदाराची मुलगी. एक पंजाबरावांचाच पुतण्या. दोघं पाटलाच्या भावकीतले. सहावी पंचफुला. एक दिवसाचाच तर प्रश्न आहे, अंजना स्वतःला म्हणाली. पोरगी समजूतदार आहे. शिवाय तिच्याकडून भांडायला कुणी येणार नाही.

हे शेवटचं ती स्वतःशीही इतक्या हळू म्हणाली, की आपण म्हटलंच नाही असं तिला मानता आलं. जगाच्या अकलेचा हिशेब मांडणाऱ्या बाईनं ब्लेडनं दोन नावं खरवडली, नखानं कागद घोटला आणि वर सुबक अक्षरात नवीन नावं लिहिली. खाडाखोड अजिबात दिसत नव्हती.

पाठ उत्तम झाला. पाटील फेटा बांधून खुर्चीत, परीक्षक दुसऱ्या खुर्चीत, दोघांच्याही पोटात पुढच्या जेवणाचे विचार. वामननं लाल कार्ड दोन्ही हातांनी धरलं होतं आणि शेजारचं उतरवत होता. निळ्या गटात पंचफुलानं कार्डाकडे पाहिलं, मग अंजनाकडे पाहिलं. अंजना फळा पुसायला वळली. पोरीनं सहाही गणितं पाटी हातात घेतल्या घेतल्या संपवली आणि उरलेला अर्धा तास हाताची घडी घालून बसली.

परीक्षक उठताना नेमके तिच्याजवळ थांबले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पाहा, मंद मुलांनासुद्धा किती चांगली शिस्त लावली आहे बाईंनी!" पाटलानं मान डोलावली. सगळा वर्ग पंचफुलाकडे पाहू लागला. अंजनाला वाटलं, आता बोलावं. तिनं तोंड उघडलं आणि "थँक्यू सर" म्हटलं.

शंभरात ब्याऐंशी. शेरा: वैयक्तिक भेदांची उत्तम जाण.

दुसऱ्या दिवशी तिनं पंचफुलाला पुन्हा लाल गटात बसवायचं ठरवलं होतं. पण शाळेत आली तो पंजाबरावांनी गटांची यादी साहेबांच्या सहीसकट खळ लावून भिंतीवर डकवलेली. "सायेबाची सही हाय," ते खुशीत म्हणाले, "आता हेच वर्षभर चालू ठेवतो. लय सोपं पडते, कोनाले इचाराचं अन् कोनाले नाई ते एका नजरेत समजते." अंजनानं एकदा म्हणून पाहिलं, की एक नाव बदलायचं आहे. "मंग सायेबाले लिहा, पाठात खोटे नावं घातले म्हनून," गुरुजी म्हणाले. तिनं लिहिलं नाही. उरले होते सहा दिवस. ते तिनं निळ्या गटाकडे फार न बघता काढले.

शेवटच्या दिवशी, तीनच्या सुमाराला, लिलाबाई मजुरी अर्धी टाकून शाळेत आली. सोबत पंचफुला. वर्ग रिकामा होता.

"जय भीम, बाई. तुमी चालल्या म्हनून आली." ती दारातच उभी राहिली. "पोरगी निळ्या गटात हाय असं मालूम झालं तवा आंदी त मले लय खुशी झाली. म्हटलं आपला रंग, बाईनं आपल्या पोरीले मानाचं देल्लं. मंग शेजारच्या पोरानं सांगितलं, निळं म्हंजे काय त."

"लिलाबाई, थांबा..."

"नाई नाई, मले राग नाई आला. बरं झालं तुमी खरं सांगितलं. गुरुजीनं तिले ढ म्हटलं असतं त म्या त्याइचं तोंड पाह्यलं नसतं. पन तुमी आपल्या हा. तुमी म्हनता मंग खरंच असन. कायले पोरीले चार कोस पायपीट कराले लावा? आखाडीपासून माह्या संग कामाले नेतो."

अंजना दाराकडे आली. "ते खोटं आहे," ती म्हणाली, आणि मग शाळेतली भाषा सोडून म्हणाली, "लिलाबाई, म्या खोटं केलं. पाटलाच्या नातवाले लाल कार्ड पायजे होतं, म्हनून तुमच्या पोरीचं काढलं. मार्कासाठी केलं म्या. सगळ्या वर्गात हुशार हाय थे. तिले धाडा."

लिलाबाई हसली. समजूतदार, दमलेलं हसू. "तुमी लय चांगल्या हा बाई. जाता जाता गरिबाचं मन राखता. पन भिंतीवर सायेबाची सही हाय ना."

"सही कायची घेऊन बसल्या! आता दाखवतो तुमाले." अंजनानं पेटीतून एक लाल कार्ड काढलं आणि पंचफुलापुढे धरलं. "सांग याचं उत्तर, बाळा. आईले सांग."

पंचफुलानं कार्ड पाहिलं. तिचे ओठ क्षणभर हलले. मग तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"थे आमच्या गटाचं नाई, बाई," ती म्हणाली.

"अगं, तुले येते! सांग ना."

"मले नाई येत. लालवाल्याइले इचारा."

"पाहा," लिलाबाई हळूच म्हणाली, "तिलेच समजते." तिनं पोरीच्या खांद्यावर हात ठेवला, अंजनाला पुन्हा एकदा जय भीम केला, आणि दोघी मैदान ओलांडून कडब्याच्या गंजीकडे निघून गेल्या.

अंजना कार्ड धरून उभी राहिली. उत्तर द्यायला त्या पोरीला अर्धं मिनिटही लागलं नसतं. अख्ख्या गावात हे माहीत असलेली ती एकटीच होती, आणि तिची शेलूबाजारला जाणारी जीप पाच वाजता सुटत होती.