खुराड्याचं नवं दार

कार्मेलोने शेवटचा स्क्रू पिळला, फोनवर अंगठा दाबला आणि खुराड्याचं पत्र्याचं दार आपोआप खाली सरकलं.

"बघितलंस? अंधार पडला की आपलं आपण बंद. आत कॅमेरा आहे. स्वयंपाकघरात बसून मोजायच्या, सहा म्हणजे सहा."

"छान आहे," असुंता म्हणाली.

"कोल्ह्याच्या धाकाने बहिणीकडे कधी जेवायला थांबली नाहीस. सुटलीस आता."

चाळीस वर्षं मेलबर्नभर काँक्रीट ओतलेला माणूस. स्वतःचं अंगणही त्याने कुंपणापर्यंत ओतून टाकलं होतं. मागच्या कोपऱ्यात लिंबाच्या झाडाजवळ तेवढी माती उरली होती, तिथे खुराडं. कार्मेलो निवृत्त झाला त्याच महिन्यात असुंताने कोंबड्या आणल्या, आणि या दोन गोष्टी एकाच महिन्यात कशा घडल्या, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून तो दिवसभर घरात. गॅस मोठा आहे, सॉसमध्ये तुळस लवकर घातलीस, फोन कुणाचा होता. वाईट नव्हता तो. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. संध्याकाळी कोंबड्या दहा मिनिटांत आत जात, पण असुंता अर्ध्या तासाने परते. ती वरची वीस मिनिटं दुधाच्या रिकाम्या क्रेटवर नुसती बसून असे. तेवढ्या वेळात तिला कुणी काही विचारत नसे.

त्या संध्याकाळी सवयीने ती गमबूट घालायला लागली.

"अगं, कुठे निघालीस? हे बघ, सहाही आत. बस इथे."

ती बसली. टीव्हीवर प्रश्नमंजूषा चालू होती आणि प्रत्येक उत्तर कार्मेलो आधीच सांगत होता. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी ऊन उतरताना ती वाळलेले कपडे काढत होती. पिवळी कोंबडी पायाशी घुटमळत होती. असुंताने फार विचार केला नाही. कपड्यांची टोपली रिकामी करून तिच्यावर पालथी घातली, वर जाड टॉवेल टाकला. पिवळीने दोनदा कुरकुर केली आणि गप्प झाली. बाकीचे कपडे काखेत मारून असुंता घरात आली.

अंधारताना कार्मेलोने फोन डोळ्यांजवळ नेला.

"पाचच दिसतायत. पिवळी नाही. थांब, मी बघून येतो."

"त्या दुखऱ्या गुडघ्यावर? राहू दे. मीच जाते." बूट तिच्या पायात होतेच.

"सापडली की हाक मार, दार उघडतो."

तिने टोपली उचलली, पिवळीला मांडीवर घेतलं आणि क्रेटवर बसून राहिली. कोंबडीचं अंग गरम होतं. आपल्यासाठी हिला कोंडलं याची असुंताला लाज वाटली, पण उठावंसं मात्र वाटलं नाही. अर्ध्या तासाने तिने हाक मारली.

"कुठे होती?" ती आत आल्यावर त्याने विचारलं.

"लिंबाखाली."

दुसऱ्या दिवशी पिवळी पुन्हा लिंबाखाली. तिसऱ्या दिवशीही. कार्मेलोने फोन टेबलावर ठेवला.

"डोकं नाही त्या कोंबडीला. तिच्यापायी तुला रोज थंडीत जावं लागतं. रविवारी रस्सा करून टाकू तिचा."

तो थट्टा करत नव्हता. त्याच्या आईच्या अंगणातही बिनकामाची कोंबडी कधी टिकली नव्हती. असुंताने ताटं उचलली आणि सिंकचा नळ उगाचच मोठा सोडला.

पुढच्या संध्याकाळी फोन बघता बघता कार्मेलो हसायला लागला.

"अगं, ये ना इकडे. पिवळी आत! सगळ्यांच्या आधी जाऊन बसलीय. आली बाई वठणीवर."

त्याने बोटांनी चित्र मोठं केलं आणि एकेक मोजायला घेतली. पाचावर बोट थांबलं.

"काळी कुठाय?" त्याने वर पाहिलं.

असुंता दारापर्यंत पोचली होती.