पोस्टमास्तर टिबलचं तळं

स्केटिंगच्या आठव्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाल्यावर व्हर्ना कोस्केला रडली नाही. तिला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे न कळल्यामुळे तो तिच्या अंगातच मुक्कामाला राहिला. रोज दुकानात हातमोजे विकताना, गिऱ्हाइकांच्या जाडजूड बोटांवर कातडं ओढून बसवताना ती हसतमुख असायची, आणि आतून एकच पाढा म्हणत असायची: डावा पाय, वीतभर, डावा पाय, वीतभर.

त्या परीक्षेत उड्या नव्हत्या, गिरक्या नव्हत्या, संगीतही नव्हतं. कोऱ्या बर्फावर एका पायाने एक वर्तुळ आणि दुसऱ्या पायाने त्याला चिकटून दुसरं, अशी जुळी वर्तुळं काढायची आणि मग त्याच रेघेवरून पुन्हा दोनदा असं जायचं, की तिन्ही फेऱ्यांची मिळून एकच रेघ दिसावी. नंतर परीक्षक ओव्हरकोट सावरत बर्फावर गुडघे टेकायचे आणि ती रेघ वाचायचे. तुम्ही दिसता कशा याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे; मार्क मिळायचे ते रेघेला. स्केटच्या पात्याला दोन धारा असतात आणि टेकायची असते त्यातली एकच, पण व्हर्नाचा डावा पाय मध्याकडे परत येताना नेमका सपाट पडायचा, दोन्ही धारा टेकायच्या आणि एका रेघेच्या जागी वीतभर दोन रेघा उमटायच्या. त्या वीतभर जागेने तिची सहा वर्षं खाल्ली होती. आता ती सत्तावीस वर्षांची होती. क्लबचे शिक्षक मिस्टर लुंडेल उन्हाळ्यात निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या जागी आठवी परीक्षा पास झालेलीच व्यक्ती घ्यायची असा क्लबचा नियम होता. तिला ती जागा हवी होती. हातमोज्यांच्या काउंटरमागे म्हातारं व्हायचं नाही, एवढंच तिचं मागणं होतं.

तिचे वडील, आर्व्हो, बंदरावर लोहखनिज भरायच्या कामावर होते आणि हिवाळ्यात सरोवर गोठलं की चार महिने घरी असत. सकाळी कॉफीत वेलचीचा पाव बुडवत ते पेपर मागून उघडत. पहिल्या पानावर जग बुडत असलं तरी आधी चित्रमालिका, मग बाकीचं. त्यांचा लाडका होता पोस्टमास्तर टिबल, ढेरपोट्या, खांद्यावर टपालाची पिशवी घेऊन गोठलेल्या तळ्यावरून स्केटिंग करत जाणारा आणि दर हिवाळ्यात रोज नव्या तऱ्हेने आपटणारा.

डिसेंबरात एका संध्याकाळी व्हर्ना त्याच दिवसाच्या, वाचून झालेल्या पेपरावर बटाटे सोलत होती. एक साल उचललं तर खाली टिबल उताणा पडलेला होता, पत्रं हवेत उडाली होती, आणि त्याच्यामागे तळ्यावर दोन जुळी वर्तुळं काढलेली होती. डाव्या वर्तुळात, मध्याच्या अगदी जवळ, रेघेच्या दोन रेघा झाल्या होत्या. तिने सुरी खाली ठेवली. दोन तासांपूर्वी रिंकवर, आपल्या वाटणीच्या बर्फाच्या तुकड्यावर, ती हेच सोडून आली होती.

योगायोग म्हणून तिने साल पुन्हा वर सरकवलं. पण गुरुवारी सकाळी चित्रातलं डावं वर्तुळ बाहेरच्या अंगाला फुगलेलं होतं, आणि चार वाजता रिंकवर तिने जिवाचा आटापिटा केला तरी तिचं वर्तुळ तिथेच फुगलं. मग तिने आठवडाभर पेपराकडे पाहायचंच नाही असं ठरवलं. रोजच्या चुका वहीत पेन्सिलीने उतरवल्या आणि रविवारी वडिलांच्या रद्दीतून सहाही दिवसांचे पेपर काढून शेजारी मांडले. सहाच्या सहा जुळल्या. भीती वाटायला हवी होती, पण तिच्या डोक्यात तिडीक गेली. आपण सहा वर्षं मरमर मरतोय, आणि कुणी एक माणूस कॉफी पीत आपला डावा पाय सपाट पाडतोय!

ती पेपर घेऊन लुंडेलांकडे गेली. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला.

“वर्तुळं आहेत, झालं,” ते म्हणाले. “व्हर्ना, पेपरातल्या लठ्ठ्याचा पाय बघू नकोस. स्वतःचा बघ.”

“तोच बघतेय, सर. सहा वर्षं तोच बघतेय.”

मग तिने चित्रकारालाच पत्र लिहिलं. हायरम बीडल हे गृहस्थ दूर पूर्व किनाऱ्यावर कुठेतरी राहत होते. घोड्याचं खोगीर उलटं काढलं की त्यांना घोडेवाल्यांची पत्रं येत, जहाजाची शिडं चुकली की खलाशांची. तसंच हे पत्र. काढायचंच असेल तर नीट काढा, असं तिने जरा फणकाऱ्यानेच लिहिलं, आणि कंपासने पातळ कागदावर जुळी वर्तुळं रेखून सोबत घातली.

उत्तर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आलं, आणि ते फार सौजन्याचं होतं. आपण जन्मात स्केट्स घातलेले नाहीत, बीडलनी कबूल केलं होतं. टिबल पडला की मागचा बर्फ रिकामा दिसतो, म्हणून हात आपोआप तिथे काहीतरी ओढतो. काय ओढतो हे आपण कधी नीट पाहिलंच नाही. मिस कोस्केलांचा कागद आपण खिडकीच्या काचेवर धरून जसाच्या तसा गिरवला आहे. मात्र चित्रं सहा आठवडे आधी पाठवावी लागतात, तेव्हा ती आधीची तशीच जातील, त्याबद्दल क्षमस्व. सुधारलेलं चित्र चार मार्चला, मंगळवारी येईल.

सहा आठवडे आधी! म्हणजे तिची आजची चूक डिसेंबरातच काढून, वाळवून, पाकिटात घालून रवाना झाली होती. व्हर्नाने पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली, आणि मग शांतपणे क्लबच्या कचेरीत जाऊन आपली परीक्षा चार मार्चलाच लावून घेतली.

“दोन आठवडे उशिरा घे की,” लुंडेल म्हणाले. “अजून रोज बिघडतंय तुझं.”

“चारपर्यंत बिघडणारच. चारला नाही बिघडणार.”

“हे तुला कोण सांगतं?”

ते सहा आठवडे तिने दात-ओठ खात काढले. सकाळी पेपरात चूक बघायची, दुपारी ती करायची, आणि घरी येताना स्वतःलाच शिव्या घालायच्या. वडील चिडवत, “टिबलला शिकवणी लावलीस म्हणे? मग पडतो कसा अजून?” ती हसायची नाही.

चार मार्चला सकाळी आर्व्होंनी पेपर टेबलावर पसरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“आज पडलाच नाही गडी. काठावर उभा राहून बर्फाकडे वाकून बघतोय, आणि म्हणतोय, ‘अरेच्चा, कोण गेलं इथून?’ यात हसायचं काय, तूच सांग.”

व्हर्ना त्यांच्या खांद्यावरून वाकली. तळ्यावर दोन जुळी वर्तुळं होती, एकसंध, एकाच बारीक रेघेची, कुठेही न फुगलेली आणि कुठेही न फाटलेली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिला मनापासून हसू आलं. वडिलांच्या टकलावर ओठ टेकवून ती निघाली.

अकरा वाजता रिंकवर तीन परीक्षक उभे होते. त्यांत मिसेस वॉलग्रेनही होत्या, तिला तिन्ही वेळा नापास करणाऱ्या. बर्फाचा चुरा झाडायला त्या कोटाच्या खिशात कायम एक लहानसा ब्रश बाळगत. व्हर्नाने श्वास घेतला आणि पाय टाकला. पातं खरखरत फिरू लागलं, एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या फेरीत डावा पाय मध्याकडे वळला तेव्हा ती रोखलेला श्वास सोडायलाही विसरली. पण पाय सपाट पडला नाही. तो धारेवरच राहिला, जणू कुणी हात धरून नेत होतं. कठड्यापाशी लुंडेलांनी टोपी काढून हातात घेतली होती.

मिसेस वॉलग्रेननी गुडघे टेकले. ब्रश फिरवला, चष्मा नाकावर ढकलला, मग तशाच गुडघ्यांवर पुढे सरकल्या, थोड्या आणखी पुढे. बाकीचे दोघेही वाकले.

“मिस कोस्केला, जरा इकडे या.”

व्हर्ना गेली. बर्फ कोरा होता, पाणी मारून नुकताच गोठवल्यासारखा.

“मी तुम्हाला जाताना पाहिलं,” मिसेस वॉलग्रेन म्हणाल्या. त्यांचा आवाज प्रथमच मऊ होता. “इतकं सुरेख मी फार थोड्यांना जाताना पाहिलंय. पण बाई, मी मार्क देऊ कशाला?”

“मला पुन्हा जाऊ द्या.”

त्यांनी जाऊ दिलं. ती पुन्हा गेली, पुन्हा तितकीच अचूक, आणि पात्याची खरखर साऱ्या रिंकला ऐकू आली. पण मागे वळून पाहिलं तर तिथे केसाएवढीही रेघ नव्हती. परीक्षकांनी एकमेकांकडे न बघता आपापल्या कागदावर शून्य लिहिलं. तिसऱ्या वेळेपेक्षा चौथ्यांदा नापास होणं जास्त साधं होतं, फारच साधं, आणि व्हर्नाच्या अंगात मुक्कामाला असलेला राग एकदम उठून उभा राहिला. तिने उजवा पाय उचलला आणि पात्याच्या टोकाचे दाते, जुळ्या वर्तुळांचा मध्य जिथे असायला हवा होता तिथे, सगळा जीव एकवटून बर्फात हाणले. ठक्क असा आवाज झाला. लुंडेल दचकले. बर्फावर ओरखडाही उठला नाही.

घरी आर्व्हो खिडकीशी पाइप ओढत बसले होते. तिचा चेहरा बघून त्यांनी उठून कॉफी ओतली. पेपर टेबलावर सकाळी होता तसाच, मागच्या पानावर उघडा पडला होता. टिबल काठावरून वाकून बघत होता. त्याच्यासमोर जुळी वर्तुळं होती, आणि त्यांच्या बरोबर मध्यावर कागदाला एक बारीक भोक पडलेलं होतं.

“हे तुम्ही केलंत, बाबा?”

“मी? मी कशाला करू?” ते जवळ आले आणि डोळे बारीक करून बघत राहिले. “मी तर हातसुद्धा लावला नाही. सकाळी नव्हतं हे.”

व्हर्नाने पेपर उचलून खिडकीसमोर धरला. भोकातून उजेड आला. तिने त्यावर बोट ठेवलं. भोकाची कड ओली होती.